दोन्ही घरचं जेवण

"काय रांधलं वो बाई आज?"

भांडण पेटलेल्या घरात शिरताना ते एवढंच विचारायचे. अंगणात काठ्या निघालेल्या असोत, बाया एकमेकींच्या माहेरापर्यंत पोचलेल्या असोत, आमचे काकाजी चपला दाराबाहेर काढायचे, खांद्यावरचा दुपट्टा झटकायचे, भिंतीला टेकून बसायचे आणि घरच्या बाईला हे विचारायचे. जेवायला बसलेल्या माणसाला उठवून लावायची आमच्याकडे रीत नाही. ती बाई तोंडातली शिवी अर्ध्यावर टाकून चुलीकडे वळायची. बाई आत गेली की बाप्याचाही आवाज खाली यायचा, कारण जेवणाऱ्याच्या समोर ओरडणं बरं दिसत नाही.

तुम्हीही तुमच्या गावात असा एखादा माणूस पाहिला असेल. पाहिला असेल तर पुढे त्याचं काय झालं, तेही जरा आठवून पाहा. मी आमच्या काकाजींचं सांगते आणि रागानं सांगते. इतकी वर्षं झाली, तो राग गेलेला नाही. जावा असं मला वाटतही नाही.

सत्तरच्या दशकात मी लग्न होऊन दिघोरीच्या बाजूच्या एका गावात आले. आमची धान भरडायची लहानशी गिरणी होती आणि रस्त्यापलीकडे समोरच काकाजींचं घर. ते आमच्या नात्यातले नव्हते. सारं गाव काकाजी म्हणायचं, म्हणून मीही म्हणायची. ते पाटील नव्हते की सरपंच नव्हते. तलावाखाली धानाच्या थोड्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे, घरी काकीजी, पोटी मूलबाळ नाही. धाकट्या भावाची मुलगी मात्र लहानपणापासून यांच्याच घरात वाढली. दोन भावांची घरं भिंतीला भिंत लावून होती आणि ती पोर कोणत्या घरची, हे नव्या माणसाला कळत नसे.

गिरणीच्या आवाजात बोलून बोलून माझा आवाज चढलेला आहे, तो अजून उतरत नाही. तेव्हा मी ओरडून सांगते आहे असं वाटलं तर थोडं सवयीमुळे समजा. थोडंच.

काकाजींची समेट घडवायची रीत मोठी विचित्र होती. ज्या दोन घरांत भांडण, त्या दोन्ही घरी ते एकाच दुपारी जेवायचे. दोन्हीकडे सारखंच. इकडे जेवढा भात, तिकडे तेवढाच. दोन्ही घरचं अन्न पोटात गेल्याशिवाय ते तोंड उघडत नसत. मी एकदा विचारलं, "काकाजी, हे जेवायचं काय काढलं तुमी?" ते म्हणाले, "ज्याचं मीठ पोटात हाय, त्याचं वाईट बोलवत नाही बाई. दोघाइचंही असलं तं दोघाइचंही बोलवत नाही. मंग मधातलंच बोलाव लागते."

केवळराम म्हणून एक शेतकरी होता. त्याच्या आणि शेजाऱ्याच्या शेतामधल्या धुऱ्यावर मोहाचं झाड होतं. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध, आणि झाडाला काय ठाऊक आपलं फूल कोणाच्या बाजूला टाकायचं. चैत्रात मोहफुलं पडायला लागली की दोन्ही घरच्या बाया अंधारातच टोपल्या घेऊन पळायच्या आणि उजाडेपर्यंत झिंज्या धरायच्या. काकाजी गेले. केवळरामानं मुद्दाम कोंबडं कापलं. पलीकडच्या घरी फक्त आंबिल होती. काकाजींनी आधी तिकडे आंबिल पिऊन मग केवळरामाकडे पाट घेतला आणि म्हणाले, "तिकडं आंबिल पेलो. इथंही आंबिलच पिईन." समोर कोंबड्याचा रस्सा रटरटतोय आणि हा माणूस आंबिलीचा वाडगा तोंडाला लावून बसलेला! संध्याकाळी गिरणीवर येऊन मला सांगत होते, "बाई, कोंबडं होतं वो. गावरान होतं. वासानं जीव चालला होता माहा." डोळ्यांत खरंच पाणी होतं.

पण समेट झाला. जेवणानंतर दोघांनाही ते तलावाच्या पारीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, घेऊन गेले, सावलीत बसवलं. कोण पहिल्यांदा बोललं, कोणी धक्का दिला, हे ते कधीच ऐकत नसत. कोणी सुरू केलं की हात वर करायचे. "कालचं मले नोको सांगू गा. उद्या काय करतं, थे सांग." एक दिवस याच्या घरानं फुलं वेचायची, एक दिवस त्याच्या, असं ठरलं. पुढे त्या झाडावरून भांडण झालेलं मी ऐकलं नाही.

दुसरी एक गोष्ट त्यांची पक्की होती. भांडणाऱ्यानं बोलावलं तर ते जात नसत. कोणी रडत दाराशी आलं, "काकाजी, चला ना, घर फुटून राहिलं," तर म्हणायचे, "तू बलावलं तं मी तुहा झालो. आता मले येता येत नाही. बलावलं नसतं तं आलो असतो." ज्याचं भांडण आहे त्यानं हाक मारायची नाही, मधल्या माणसानं आपण होऊन यायचं. लोक मग शहाणे झाले. कोणी बोलावत नसे. त्या घरची बाई धान घेऊन आमच्या गिरणीवर यायची आणि पट्टा बंद असतानाही अशी खणखणीत बोलायची की रस्त्यापलीकडे काकाजींच्या ओसरीत ऐकू जावं. थोड्या वेळानं पाहावं तर काकाजी चपला घालून निघालेले असायचे. त्यांना हा डाव कळत नव्हता असं नाही. हसू दाबत ते आमच्या दारावरून जायचे.

त्यांचं सगळंच मला पटत होतं असं समजू नका. एका विधवेची दिराशी जागेवरून भांडणं होती. बाई सोळा आणे खरी होती, हे गावातल्या कुत्र्यांनाही माहीत होतं. काकाजींनी तिला गोठ्याची जागा सोडायला लावली आणि विहिरीची वाट तिच्याकडे ठेवली. मी तणतणत त्यांच्या ओसरीवर गेले.

"काकाजी, थे बाई खरी होती. थिले काहून सोडाले लावलं?"

"खरी होती," ते म्हणाले.

"मंग?"

"मंग काय? मी उद्या मरून जाईन. थिले त्या दिराच्या भिंतीशीच रायाचं हाय. पानी तुटलं असतं तं खरेपना काय पेली असती का?"

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. गरिबानं नेहमी थोडं सोडायचं आणि त्याला शांतता म्हणायचं, हे मला कधी सोसलं नाही. पण एक सांगते. त्या बाईचं पाणी तुटलं नाही. आणि काकाजींनी लोकांना जे सोडायला लावलं, ते स्वतःवर वेळ आल्यावर स्वतःही सोडलं, नव्हे त्याहून जास्त सोडलं. तेच तर सांगायचं आहे.

एका साली पाऊस ओढला. रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, तोंडावर तलावाचं पाणी आधी कोणाच्या बांधीत, यावरून काकाजींचा धाकटा भाऊ आणि तोच केवळराम यांच्यात जुंपली. पाळी धाकट्याची होती. पण केवळरामाचं धानाचं रोप वाढून पिवळं पडायला लागलं होतं, चार दिवस गेले असते तर लावायच्या कामाचं राहिलं नसतं. काकाजी न बोलावता दोन्ही घरी जेवले. धाकट्याच्या बायकोनं जेठ म्हणून भातावर तुपाची धार धरली, यांनी हात आडवा धरला. पारीवर बसले आणि शेवटी धाकटाच म्हणाला, "घे बाप्पा, एक पाळी घे." केवळरामानं त्याचे पाय धरले.

पारीवर म्हणाला खरा, पण घरी जाऊन तो पेटला. सख्खा भाऊ असून परक्याचं भलं केलं, हे त्याच्या मनातून गेलं नाही. काकाजींच्या बांध्या धाकट्याच्या बांध्यांच्या खाली होत्या. तलावाचं पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत यायचं, बापजाद्यांपासून तसंच. पुढच्या हंगामात धाकट्यानं धुऱ्यातलं पाण्याचं तोंड माती टाकून बुजवून टाकलं. काकाजी शेतात गेले तेव्हा माणसांसमोर म्हणाला, "केवळरामाले पानी देल्लं ना? आता त्याच्याच घरून घागरीनं आन. लोकाइच्या घरी फुकटचं जेवून जेवून मोठा झाला."

काकाजी घरी आले. पाय धुतले. काकीजींना म्हणाले, "उद्यापासून दोन मानसाचा भात जास्तीचा लावत जाय. कोनी येईन."

कोणी येईल! इतकी वर्षं गावाची भांडणं ज्यांनी पोटात घातली, त्यांच्या घरी आता भांडण आलं होतं. बोलवायचं तर नाही. पण गावाला रीत माहीत होती. कोणीतरी एक माणूस दुपारी चपला काढून भिंतीला टेकेल, "काकीजी, काय रांधलं?" म्हणेल, तसाच भिंतीपलीकडे धाकट्याकडे जेवेल आणि दोघांना पारीवर नेईल. एवढंच तर करायचं होतं. त्याला ना शिक्षण लागत होतं ना जमीन. फक्त भूक लागत होती.

रोज दुपारी काकाजी ओसरीत रस्त्याकडे तोंड करून बसायचे. कोणी येताना दिसलं की दुपट्टा सारखा करायचे. माणूस राम राम करून पुढे जायचा. उन्हं कलली की काकीजी उरलेला भात गाईला घालायच्या. खालच्या बांध्यांत रोप उभ्या उभ्या वाळत होतं.

माझ्या अंगाची आग होत होती. गिरणीवर येईल त्याला मी धरायची. केवळराम आला तर सरळ विचारलं, "तुमच्यापायी हे झालं. तुमाले एक दुपार जेवाले जाता येत नाही का?" तो म्हणाला, "भाऊ-भाऊ हायेत थे. उद्या एक होतीन, मी मधात वाईट होईन." सरपंच म्हणाले, "त्यांना अर्ज करायला सांगा, मासिक सभेत घेतो." ज्या माणसाला हाकही मारायची नाही, त्यानं म्हणे अर्ज करायचा! दुसरे कोणी म्हणत, "त्याइले आपन काय समजवाव? थेच तं साऱ्याइले समजवते." असं म्हणताना चेहऱ्यावर नम्रता, आणि पोटात गंमत. मोठ्या माणसाची फजिती पाहायला मिळतेय, ती कोण सोडतो? आमच्या घरातूनही मला ऐकवण्यात आलं, "तुले कायले पायजे? दोघंही आपल्याच गिरणीवर येते."

शेवटी मीच उठले. बाई कधी पंच म्हणून बसल्याचं गावात कोणी ऐकलं नव्हतं. नसेल ऐकलं. एका दुपारी पदर खोचला, रस्ता ओलांडला, चपला दाराबाहेर काढल्या आणि भिंतीला टेकून बसले.

"काकीजी," मी म्हटलं, "काय रांधलं आज?"

काकीजी हातातलं भांडं घेऊनच दाराशी आल्या. काकाजी माझ्याकडे पाहतच राहिले.  मग डोळे पुसून म्हणाले, "तू आली, माय. साऱ्या गावातून तू आली."

"मंग वाढाले सांगा. मले अजून तिकडंही जेवाचं हाय."

त्यांनी मान हलवली. "तुले नाही चालत."

"बाई म्हनून?"

"बाईचं काय हाय? माहा धाकटा वाढते तुले, नाही म्हनत नाही. पन तू महिनाभर गिरणीवर माह्याच बाजूनं भांडून राहिली. त्याच्या कानावर हाय सारं. तू माह्या बाजूची झाली, माय. माह्या बाजूच्या मानसानं मधात कसं बसाव?"

मी भडकले. इतकी भडकले की बाहेरून कोणाला वाटलं असतं, माझं आणि काकाजींचंच भांडण लागलं आहे. "तुमचा नियम चुलीत घाला. एक मानूस आलं, त्यालेही परत लावता? दुसरं कोनी येनार नाही, आयकून घ्या. कोनीच येनार नाही."

"येईन," ते म्हणाले. मग काकीजींना म्हणाले, "हिले वाढ. जेव, माय. पन शेजारीन म्हनून जेव."

मी जेवले. लाखोळीची डाळ होती, टमाटरची चटणी होती. राग धरूनच पानातलं सगळं संपवलं. त्या घरी त्या हंगामात गावातलं कोणी जेवलं असेल तर ती मी, आणि माझं जेवणं कोणत्याच हिशेबात धरलं गेलं नाही. तुम्हीच सांगा, राग कोणाचा करायचा? त्यांचा की गावाचा? मी दोघांचाही केला.

त्या साली खालच्या बांध्या पडीक राहिल्या. उन्हाळ्यात धाकट्याच्या मुलीचं लग्न निघालं, एकोडीकडचं स्थळ होतं. काकाजींच्या मांडीवर वाढलेली पोर, आणि मांडव भिंतीपलीकडे. बोलावणं आलं नाही. लग्नाच्या दिवशी काकाजी नवं धोतर नेसून ओसरीत बसून होते, न जाणो कोणी येईल म्हणून. वाजंत्री इतकी जवळ होती की आमच्या गिरणीचे पत्रे थरथरत होते. गावातले सगळे बापे त्यांच्याच ओसरीवरून मांडवात गेले. पोर निघताना बापाला न जुमानता भिंतीला वळसा घालून धावत आली, यांच्या पायावर पडली. काकाजी म्हणाले, "जाय बेटा, लोकं खोळंबले." एवढंच. तिला जवळ घेतल्याचं धाकट्याला दिसलं असतं तर तिच्या पाठवणीत वाद झाला असता. तेवढ्यातही हा माणूस भांडण टाळत होता.

पुढचा पावसाळाही तसाच गेला. पाण्याचं तोंड बुजलेलंच. काकाजी बोलेनासे झाले, जेवण कमी झालं. दिवाळीनंतर तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. काकीजी शेवटपर्यंत दोन माणसांचा भात जास्तीचा लावत होत्या.

आणि मग गाव आलं. सारं गाव आलं. धाकट्यानं डोकं भादरलं, आग दिली, आणि लोक म्हणाले, पाहा, शेवटी रक्ताचं नातं. तेरवीला सरपंच उभे राहून बोलले. असा माणूस पुन्हा होणार नाही, म्हणाले. त्यांचं कोणाशी वैर नव्हतं, म्हणाले. ज्या माणसाच्या बांध्या दोन पावसाळे कोरड्या राहिल्या, त्याच्याबद्दल हे बोलत होते आणि पंगत माना डोलवत होती. भात-वरण काकीजींच्या घरचं होतं, भाजी आणि बुंदी धाकट्याच्या घरची. पळसाच्या पत्रावळींवर दोन्ही घरचं वाढलं जात होतं. ज्यांना दोन हंगाम रस्ता ओलांडून एक घास खायला येता आलं नाही, ते सगळे त्या ओसरीत, त्या अंगणात मांडी घालून जेवत होते. केवळरामानं दुसऱ्यांदा भात मागून घेतला. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

पंगत उठायच्या बेतात होती तेव्हा काकीजी आतून बाहेर आल्या. कपाळ रिकामं, पांढरं लुगडं. तेराव्याच्या दिवशी घरची विधवा अशी बाप्यांसमोर येत नाही. 

"जेवले का सारे पोटभर?"

"हो, काकीजी," कोणीतरी म्हणालं.

"भात माह्या घरचा होता. बुंदी त्याच्या घरची होती. दोन्ही घरचं खाल्लं तुमी. मी कोनाले बलावलं नोयतं, तुमी आपल्या मनानं आले." त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "आता पारीवर जायची गरज नाही, इथंच बसा. मले कालचं काही नाही आयकाचं. उद्या माह्या बांधीत पानी येईन का नाही, थे सांगा."

धाकटा बुंदीची बादली हातात धरून उभा होता, तसाच उभा राहिला. केवळराम पत्रावळीकडे पाहत होता. सरपंच हळूच म्हणाले, "काकीजी, आजच्या दिवशी हा विषय..." आणि वाक्य तिथंच सोडलं. मी जाऊन काकीजींच्या शेजारी बसले. आम्ही दोघी वाट पाहत होतो.

हात धुवायला म्हणून एकेक माणूस उठला. अंगणाच्या कोपऱ्यात पाण्याची घागर होती, तिच्यातलं पाणी संपेपर्यंत ते हात धूत राहिले, आणि तिकडून तसेच आपापल्या घरी गेले.